परत पहिल्यापासून

मित्रांनो, माझ्या अंगावर नऊ बटणं आहेत. त्यातली आठ काळ्या प्लॅस्टिकची आणि एक सागवानी लाकडाचं. लाकडी बटण असलेला व्हिडिओ गेमचा रिमोट तुम्ही कधी पाहिला नसेल. मी आहे तसा. आता माझं वय झालं आहे. वायरीला तीन ठिकाणी चिकटपट्टी गुंडाळली आहे आणि डावीकडचा बाण जरा जोर लावून दाबावा लागतो. नाशिक रोडच्या देवळाली गावात, एका दोन खोल्यांच्या घरात, टीव्हीखालच्या फळीवर मी राहतो. मोठी माणसं मुलांना माझ्यापासून लांब ठेवू पाहतात, आणि त्यांचं अगदीच चुकतं असंही नाही. पण माझ्या डोळ्यांदेखत जे घडलं, ते तुम्हाला सांगावंसं वाटतं.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथे सरकत्या पट्ट्यावरून आम्ही शेकड्यांनी पुढे जायचो. पट्ट्याच्या शेवटी एक बाई बसलेली असे. ती प्रत्येकाचं प्रत्येक बटण एकदा दाबून बघायची आणि मान हलवायची. माणसाचा पहिला स्पर्श मला झाला तो तिच्या अंगठ्याचा. मग गेमच्या डब्याबरोबर मला खोक्यात बंद केलं, आणि खोकं उघडलं तेव्हा मी नाशिकला, एम. जी. रोडवरच्या एका दुकानाच्या काचेत होतो.

तिथून मला सुनीलसाहेबांनी नेलं. ते नाशिक रोडला नोटांच्या छापखान्यात नोकरीला होते. त्यांचा मुलगा रुद्र सातवीत गेला, त्याच्या वाढदिवसाची मी भेट. पहिले सहा महिने माझं काय कौतुक! रुद्र मला रुमालाने पुसून ठेवायचा. त्याची बोटं विजेसारखी चालायची. पण तो दार लावून एकटाच खेळायचा. पोरगं घरात आहे, शांत आहे, म्हणजे ठीक आहे, असं आईबाबांना वाटायचं. हरला की रुद्रचा चेहरा लाल व्हायचा. एकदा त्याने मला भिंतीवर भिरकावलं. माझं एक बटण उडालं ते कपाटाखाली गेलं आणि दुसऱ्या दिवशी केरात गेलं. हरल्यावर काय करायचं असतं हे त्याला कुणीतरी सांगायला हवं होतं. मला ते सांगता येत नव्हतं. मला बोलता कुठे येतं?

पुढे रुद्रच्या हातात मोबाइल आला. मग तो शिकायला पुण्याला गेला. मी माळ्यावर गेलो, दिवाळीच्या दिव्यांच्या माळा आणि एका फुटक्या बादलीच्या शेजारी. किती वर्षं, ते मला माहीत नाही. माळ्यावर दिवस मोजता येत नाहीत.

एके दिवशी माळ्याचं दार काढलं गेलं आणि उजेड आत आला. त्या उजेडात एक दाढीवाला, शांत चेहरा दिसला. ते खाजाभाई. माळ्याला नवीन दारं बसवायला ते आले होते. त्यांनी सगळं सामान एकेक करून खाली उतरवलं, मलाही. रुद्रची आई शुभांगीताई म्हणाल्या, "खाजाभाई, तुमच्याकडे मुलं आहेत ना? हे घेऊन जा. आमच्याकडे नुसतं पडून आहे. चालतं की नाही ते मात्र सांगता येणार नाही."

"बघतो ताई," खाजाभाई म्हणाले. "नाही चाललं तर पोरं खोलून बघतील, आत काय आहे ते. तोही खेळच."

पण आम्ही चाललो, मित्रांनो! डब्याची एक वायर तेवढी नवीन जोडावी लागली. खाजाभाई मूळचे लाकडावर नक्षी कोरणारे कारागीर. बावीस वर्षं त्यांनी दारांवर वेली आणि फुलं कोरली होती. माझ्या अंगावरचं ते रिकामं भोक त्यांना बघवेना. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना त्यांनी सागाचा हरभऱ्याएवढा तुकडा आणला, कानशीने घासून गोल केला आणि माझ्यात बसवला. पावसाळ्यात ते बटण अजून जरासं फुगतं. मला त्याची काही तक्रार नाही.

या घरात दोन मुलं होती. सहावीतली आफिया आणि दुसरीतला रय्यान. घरातली बोली हिंदी-उर्दू मिसळलेली, पण मी तुम्हाला सगळं मराठीतच सांगतो. रिमोट मी एकटाच, दुसरा केव्हाच हरवलेला. म्हणून पहिल्याच दिवशी भांडण झालं आणि रय्यान त्याच्या आपाच्या, म्हणजे मोठ्या बहिणीच्या, हाताला चावला. तेव्हा त्यांच्या अम्मीने, जहिदाने, नियम घालून दिला. पडद्यावरच्या खेळात जो पडेल त्याने रिमोट दुसऱ्याला द्यायचा, आणि रोज फक्त अर्धा तास, तोही अभ्यास झाल्यावर. अम्मी घरीच साड्यांना फॉल-पिको करायची. तिच्या शिलाई मशीनची घरघर आणि माझी टकटक अशी आमची संध्याकाळ जायची.

मुलांचा आवडता खेळ होता किल्ल्याचा. हातात कंदील घेतलेला एक छोटा पहारेकरी किल्ला चढतो. वाटेत खड्डे, दरवाजे, आणि सातव्या दरवाजापाशी एक लाकडी पूल. त्या पुलाच्या फळ्या पायाखालून खाली पडायच्या आणि थोड्या वेळाने परत वर यायच्या. त्या पुलावरून आफिया किती वेळा पडली असेल! पहिल्या आठवड्यात ती रडली. दुसऱ्या आठवड्यात म्हणाली, "हा गेमच खोटा आहे." रय्यान तर पुलावर पोचायच्या आधीच सगळी बटणं एकदम दाबून मोकळा व्हायचा.

मग एका संध्याकाळी तिने एकही बटण दाबलं नाही. मला मांडीवर ठेवलं आणि नुसती बघत राहिली. पहारेकरी पुलाच्या अलीकडे उभा. फळ्या पडत होत्या, वर येत होत्या.

"आपा, खेळ ना! झोपलीस का?" रय्यान ओरडला.

"थांब. मोजतेय."

तिने गणिताची वही उघडली, शेवटच्या पानावर सात चौकोन काढले आणि कुठली फळी कधी पडते ते आकड्यांनी लिहिलं. आधी तिसरी, मग पहिली, मग शेवटच्या दोन एकदम. वही रय्यानच्या हातात दिली. "तू वाचून सांगायचं, मी उडी मारणार." रय्यानने बोट ठेवून ठेवून सांगितलं, "आता! थांब! थांब आपा! आता!" आणि पहारेकरी पलीकडे पोचला. दोघं एवढ्या मोठ्याने ओरडली की अम्मीची सुई साडीच्या काठावरच थांबली.

त्या दिवशी मला वाटलं, रुद्रला जे माझ्याकडून मिळालं नाही, ते या दोघांना मिळालं. दोघं शेजारी होती म्हणून मिळालं.

पण मी तुम्हाला अर्धीच गोष्ट सांगितली तर ते खोटं होईल. पुढचे दरवाजे उघडत गेले तसा अर्धा तास आफियाला पुरेना. अम्मीने विचारलं की ती सांगायची, "झाला अभ्यास." झालेला नसायचा. घटक चाचणीत गणितात तिला वीसपैकी सहा गुण मिळाले. अंजली मॅडमनी वहीत शेरा लिहिला आणि पालकांची सही मागितली. अम्मीने वही उघडली. शेरा पाहिला, मग पान उलटत उलटत शेवटी आली, तिथे पूल.

"गणिताच्या वहीत गणित सोडून सगळं आहे," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. म्हणून आफियाला जास्त लागलं. अम्मीने माझी वायर गुंडाळली आणि मला लोखंडी कपाटात, ईदच्या कपड्यांच्या खाली ठेवलं. चावी स्वतःच्या बटव्यात. अत्तराच्या वासात मी पडून राहिलो. मला राग आला नाही. माझं दोन्ही मुलांवर प्रेम होतं, पण आफिया खोटं बोलत होती तेव्हा मी तिच्या हातातच होतो.

आता पुढचं मी कपाटाच्या आतून ऐकलं, काही नंतर मुलांच्या बोलण्यातून कळलं.

खाजाभाई पुणे रस्त्यावरच्या एका फर्निचरच्या कारखान्यात काम करायचे. मालक केरूशेठ, द्राक्षाची बाग सांभाळून हा धंदा उभा केलेला माणूस. त्यांनी दारांवर नक्षी कोरणारं कॉम्प्युटरचं मशीन आणलं. ते म्हणाले, "खाजाभाई, हे तुमीच चालवायचं. नक्षीतलं तुमच्याएवढं कोनाला कळतं?" मशीन विकणाऱ्या कंपनीचा माणूस आला, दोन दिवस भराभर दाखवून गेला. तिसऱ्या दिवशी खाजाभाईंनी एकट्याने बटण दाबलं. फिरतं कटर सरळ जाऊन दार घट्ट धरून ठेवणाऱ्या लोखंडी क्लॅम्पवर आपटलं. कटर मोडलं, सागवानी दार उभं चिरलं. कारखान्यातली चार माणसं बघत होती. कुणीतरी हसलं.

हे खाजाभाईंनी अम्मीला सांगितलं ते अगदी हळू आवाजात. "शेठ काही बोलले नाहीत. तेच वाईट. आता सोमवारपर्यंत जमलं तर जमलं, नाहीतर बाहेरून माणूस आणणार आहेत. मी मग पॉलिशला."

"पॉलिशला? तुम्ही?" अम्मी म्हणाली.

"मी आता त्या मशीनला हात लावत नाही, जहिदा. हात पुढे नेला की थरथरतो. सकाळी चहा पण सांडला, पाहिलंस ना?"

बावीस वर्षं ज्या हातांनी लाकडात फुलं उमलवली, ते हात एका बटणाला घाबरले होते. आणि मी कपाटात, ईदच्या कपड्यांखाली.

शनिवारी संध्याकाळी खाजाभाई मशीनसोबत आलेली पुस्तिका घरी घेऊन आले. ती सगळी इंग्रजीत. त्यांनी ती टीव्हीवर ठेवून दिली आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. आफियाने पुस्तिका उचलली. बराच वेळ पानांचा आवाज येत होता. मग ती एकदम म्हणाली, "अब्बू, हे बघा ना! हा तर रिमोट आहे!"

मशीन चालवायला हातात धरायची एक पेटी होती, तिचं चित्र होतं ते. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे असे बाण. एक बटण सुरू करायचं, एक मध्येच थांबवायचं. "हे 'पॉज', हे 'होम', हे 'स्पीड'. हे शब्द मला येतात अब्बू. गेममध्ये असतात." एक शब्द तिला अडला, 'ओरिजिन'. तिने दप्तरातून शब्दकोश काढला. "उगम, आरंभ. म्हणजे सुरुवातीची जागा. अब्बू, सुरुवात कुठून करायची ते तुम्ही मशीनला सांगितलं होतं का?"

"एवढं मोठं मशीन, त्याला कळत नाही?"

"नाही कळत. गेममधल्या पहारेकऱ्याला पण नाही कळत. आपण सांगू तेवढंच करतो तो. खड्डा समोर असला तरी चालत जातो."

खाजाभाई उठून बसले. आफिया अम्मीकडे गेली. मी कान टवकारले, म्हणजे मला कान असते तर टवकारले असते.

"अम्मी, रिमोट दे ना."

"सहा गुण आणणाऱ्या मुलीला रिमोट?"

"मला नको, अम्मी. अब्बूंना हवाय."

शिलाई मशीन थांबलं. मग बटव्याची चेन वाजली, कपाटाचं दार किरकिरलं, आणि अम्मीने मला स्वतःच्या हाताने बाहेर काढलं. तिने मला आफियाला दिलं नाही. खाजाभाईंच्या हातात दिलं.

काय खरखरीत हात होते ते! सुरुवातीला त्यांनी मला पटाशीसारखं धरलं. पहारेकरी पहिल्याच खड्ड्यात पडला. परत पडला. रय्यान खिदळायला लागला तसा आफियाने त्याला डोळे दाखवले. खाजाभाई अकरा वेळा पडले, बाराव्यांदा खड्डा ओलांडला, आणि पुढच्या दरवाजावर आपटले. तोवर बाणांवर त्यांचा अंगठा जरा सैलावला होता.

"बघा अब्बू, हरल्यावर काय झालं?" आफियाने विचारलं.

"काय?"

"काहीच नाही. परत पहिल्यापासून."

खाजाभाईंनी मला खाली ठेवलं. "बेटा, तुझ्या खेळात माणूस पडला तर परत उभा राहतो. माझं दार चिरलं की चिरलं. ते नाही होत परत पहिल्यापासून."

मित्रांनो, त्यांचं म्हणणं खरं होतं. माझ्या आत सगळं पुन्हा सुरू होतं, बाहेर होत नाही. जो खेळ हे लपवतो तो मुलांना फसवतो. आफिया पडद्यावरच्या पहारेकऱ्याकडे बघत राहिली.

"मग दार लावूच नका," ती शेवटी म्हणाली. "कटर वर उचलून ठेवायचं. खाली काहीच नको. हवेतच चालू दे. ते कुठे कुठे जातं ते आधी नुसतं बघू. पुलावर मीही आधी नुसतं बघितलं होतं."

खाजाभाई लेकीकडे बघत राहिले. "हवेत," ते स्वतःशीच म्हणाले. मग हळूच, "आणि नंतर लाकडाच्या आधी दुसरं काहीतरी मऊ."

रय्यान उठला आणि पलंगाखालून थर्माकोलची पाटी ओढून घेऊन आला. शाळेत किल्ला करायला ती त्याने महिनाभर जपून ठेवली होती. कुणालाही हात लावू देत नसे. "हे घ्या अब्बू," तो म्हणाला, आणि पाटी देऊन लगेच तोंड फिरवून बसला.

रविवारी कारखान्याला सुट्टी होती. खाजाभाईंनी केरूशेठना फोन करून चावी मागितली. आफियाला पुस्तिका वाचायला बरोबर घेतलं. निघताना ते म्हणाले, "त्या रिमोटलाही घे दप्तरात. जरा धीर वाटेल." असा मी पहिल्यांदा कामावर गेलो.

केरूशेठ स्वतःच दार उघडायला आले होते. "पोरीला कशाला आनलं, खाजाभाई? लय धोक्याचं मशीन हाय ते."

"वाचायला आणलंय शेठ. मशीनला ती हात लावणार नाही." खाजाभाईंनी जमिनीवरची पिवळी पट्टी दाखवली. "आफिया, या रेषेच्या आत पाऊल टाकायचं नाही. काहीही झालं तरी."

तिने दप्तर जवळच्या स्टुलावर ठेवलं. चेन अर्धी उघडी होती, त्यामुळे मला दिसत होतं. मशीन चांगलं पलंगाएवढं होतं. खाजाभाईंनी हातातली पेटी घेतली. हात थरथरला. त्यांनी पेटी खाली ठेवली, दोन्ही तळवे विजारीला पुसले आणि परत उचलली. आफिया वाचत होती, ते बटण दाबत होते. कटर वर उचललं, खाली मशीनचा मोकळा पाट. "आता रन," ती म्हणाली.

मशीन घूं करून सुरू झालं आणि हवेतच वेल काढत फिरू लागलं. वळलं, मागे आलं, आणि पाटाच्या कडेच्या बाहेर गेलं.

"इथेच! इथेच चुकलं होतं!" खाजाभाई ओरडले. "चार बोटं बाहेर जातंय." त्यांनी मशीन थांबवलं. सुरुवातीची जागा चार बोटं आत घेतली, पेटीवर ती कायम केली. आणि मग तो शब्द त्यांच्याच तोंडून आला. "परत पहिल्यापासून."

दुसऱ्या खेपेला वेल पाटाच्या आत राहिली. मग थर्माकोल लावला. कटर आरपार घुसलं, पांढरे दाणे सगळीकडे उडाले, शेठच्या मिशीवरसुद्धा. आफियाला वाटलं वेग जास्त झाला. "वेग नाही बेटा, खोली जास्त झाली," खाजाभाई म्हणाले. हे तिला माहीत नव्हतं, मला तर नव्हतंच. परत पहिल्यापासून. पाचव्या खेपेला थर्माकोलवर एक अख्खी वेल उमटली, पानांसकट.

"जमलं की! लावा आता दार," केरूशेठ म्हणाले.

"नाही शेठ. आधी एखादी टाकाऊ फळी."

फळी लावली. कटर लाकडात शिरलं, भुसा उडू लागला. वेलीचा अर्धा भाग झाला असेल, तेवढ्यात खाजाभाईंनी मान तिरकी केली आणि झटकन थांबवायचं बटण दाबलं.

"का थांबवलं? बरं चाललं होतं ना?" शेठनी विचारलं.

खाजाभाईंनी भुसा फुंकला. खाली लाकडात काळसर गाठ होती. "आवाज बदलला शेठ. गाठीवर याच वेगाने गेलं असतं तर कटर गेलं असतं." त्यांनी वेग कमी केला, गाठ पार झाल्यावर परत वाढवला. हात आता थरथरत नव्हता. मी नीट पाहत होतो.

केरूशेठनी फळी हातात घेतली. अंगठ्याने वेलीवरून फिरवलं. "मशीनला नाय दिसली ती गाठ, तुमाला आयकू आली," ते म्हणाले. "बाहेरच्या मान्साचं राहू द्या. हे तुमीच चालवायचं." मग आफियाकडे वळून, "आन तू गं? कितवीला?"

"सहावी."

"हुशार दिसती. गनितात पहिली असशील."

आफियाने खाली बघितलं. "नाही काका. वीसपैकी सहा." खाजाभाई हसले, आणि पूर्ण आठवड्यात ते पहिल्यांदा हसले.

मित्रांनो, त्या मशीनवर आता खाजाभाईच काम करतात. शेवटचा हात मात्र अजून पटाशीनेच फिरवतात. घरी परतल्यावर अम्मीने मला कपाटात ठेवलं नाही, पण नवीन नियम केला. अलार्म लावायचा. तो वाजला की पहारेकरी कुठेही असो, पुलावर असो की हवेत, खेळ बंद. आफियाला थांबायला शिकायला फार दिवस लागले. पहिल्या दिवशी ती अलार्म वाजल्यावर "एक मिनिट, एकच मिनिट" करत राहिली, तेव्हा अम्मीने दोन दिवस खेळ बंद ठेवला. हा दरवाजा किल्ल्यातल्या सगळ्या दरवाजांपेक्षा अवघड होता. गणितही एकदम सुधारलं नाही. पण चुकलेलं उदाहरण ती आता खोडून टाकत नाही. कुठल्या पायरीवर पाय घसरला ते शोधते, तिथे छोटी खूण करते आणि खाली परत मांडते. दुसऱ्या चाचणीत तेरा आले.

आता एक गुपित. खेळ संपला की पडदा नाव विचारतो आणि गुणांच्या यादीत ते लिहितो. यादीत मुलांची नावं होती, सगळ्यात खाली अब्बूंचं होतं. एका दुपारी मुलं शाळेत गेलेली, शिवण संपलेलं. अम्मी टीव्ही पुसायला आली. फडकं फिरवता फिरवता तिने मला उचललं, दाराकडे एकदा बघितलं, आणि डबा सुरू केला. पहिल्या खड्ड्यात पडली. "हाय अल्ला," म्हणून एकटीच हसली. परत पडली. डाव्या बाणावर तिचा अंगठा घसरायचा. त्या दुपारी ती खड्डा ओलांडूनच उठली. पडद्याने नाव विचारलं तेव्हा एकेक इंग्रजी अक्षर शोधत, ओठांनी पुटपुटत, तिने लिहिलं. मग सगळं जागच्या जागी ठेवलं आणि भाजी चिरायला बसली.

संध्याकाळी मुलांनी डबा सुरू केला. यादीत अब्बूंच्याही खाली एक नवीन ओळ होती. जहिदा. गुण चाळीस.

रय्यानने ओरडायला तोंड उघडलं, तोच आफियाने त्यावर हात ठेवला. अम्मी चहाचा कप घेऊन बाहेर आली. आफिया चटईवर जरा सरकली.

"अम्मी, बसतेस? आज मला पहिलाच खड्डा जमत नाहीये."

"मला काय विचारतेस त्यातलं?" अम्मी म्हणाली. पण बसली. पडद्याकडे बघितलं, चहाचा एक घोट घेतला. आणि तिच्याही नकळत म्हणाली, "उभ्या उभ्या नको उडी मारू. दोन पावलं मागे घे, मग पळत ये."

दोन्ही मुलं एकदम तिच्याकडे वळली. अम्मीचे कान लाल झाले. मग तीच आधी हसली.

मित्रांनो, माझे आता फार दिवस राहिले नाहीत. नवे खेळ आले आहेत, माझ्यासारख्याला दुरुस्त करणारं दुकानही मिळत नाही. तोवर एवढंच मागतो. हरलात म्हणून आम्हाला भिंतीवर फेकू नका. वाजली घंटा की आम्हाला खाली ठेवा. आणि आमच्याशी एकट्याने, दार लावून खेळू नका. घरातल्या मोठ्या माणसाला शेजारी बोलवा, रिमोट त्यांच्या हातात द्या. सुरुवातीला ते खड्ड्यात पडतील. तेव्हा त्यांना हसू नका. फार तर थोडंसं हसा.